शुक्रवारचं शब्दकोडं

"तीन अक्षरी. वाटसरू. मधला अक्षर थि," कासम फोनमध्ये म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यानं चपापला.

त्याला हे बोलायचं नव्हतं. जुम्याची नमाज आणि जेवण आटपून तो पडवीत पेपर घेऊन बसला होता, तोच मस्कतहून मुलाचा, तहाचा फोन आला. सकिना आधी पोटभर बोलली. मग दर शुक्रवारसारखा तिनं रिसीव्हर नवऱ्याच्या हातात कोंबला. "बरा हायस?" "हो." "जेवलास?" "हो." एवढं झालं की बाप-लेकाचं बोलणं संपायचं. पुढं तारेवर नुसती खरखर, आणि दोघांपैकी कोण आधी 'बरं' म्हणतो याची वाट. आज त्या खरखरीत कासमची नजर मांडीवरच्या अर्धवट शब्दकोड्यावर गेली आणि तोंडातून जे आलं ते आलं.

मग तहा म्हणाला, "पथिक."

"काय?"

"पथिक, अब्बा. प, थि, क. वाटसरूच तो."

कासमनं कानावरची पेन्सिल काढून अक्षरं भरली. "बसला," तो म्हणाला.

"अजून कुठला अडलाय?"

अजून दोन अडले होते. त्यातला एक तहाला आला, दुसरा दोघांनाही आला नाही. त्या दुसऱ्यापायी चार मिनिटं कशी गेली ते कळलं नाही. फोन ठेवला तेव्हा सकिना दारात उभी होती.

"आज काय एवढा बोललात त्याच्याशी?"

"काय नाय. पेपरातला इचारत होतो."

हे अठ्ठ्याण्णव सालातलं. रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या त्या घरात फोन येऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि तहाला मस्कतला जाऊन दोन वर्षं. टायर विकणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात तो माल मोजून घ्यायचा.

कासम होडेकर मिरकरवाड्याच्या एका बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसर चालवायचा. अमोनियाच्या दाबाचा काटा बघायचा, पट्टा सैल झाला की ताणायचा, लाँची बंदराला लागायच्या आत लाद्या तयार ठेवायच्या. एकवीस वर्षं त्या घरघरीत काढल्यामुळं तो बोलायचा मोठ्यानं आणि बोलायचा कमी. मालकाचा वाचून झालेला पेपर अकराच्या सुमाराला मशीनरूममध्ये यायचा. काट्यासमोरच्या स्टुलावर बसून कासम त्यातलं कोडं सोडवायचा. सातवी शिकलेला माणूस, पण न आलेला शब्द दुसऱ्या दिवशीच्या उत्तरांत बघायचा आणि पाठ करून ठेवायचा. 'निबिड', 'मार्दव', 'उपरती' असले, जे आयुष्यात एकदाही तोंडानं उच्चारायची वेळ आली नव्हती, ते शब्द त्याला येत होते.

तहाचं तसं नव्हतं. त्याला शब्द आपोआप यायचे. दहावीला मराठीत तो शाळेत पहिला आला होता, आणि कळायला लागल्यापासून त्याला मास्तर व्हायचं होतं.

पुढच्या शुक्रवारी "जेवलास?" विचारायच्या आतच तहानं विचारलं, "आज काय अडलाय?" कासमकडे सहा दिवसांची कात्रणं खिशात घडी करून ठेवलेली होती.

असं सुरू झालं. दर आठवड्याला चार-पाच शब्द. तहा उत्तर सांगायच्या आधी पुटपुटायचा. "चार अक्षरी... शेवट त... नाय, ता नाय बसणार..." ते पुटपुटणं कासमला फार आवडायचं. लहानपणी तहा पाढे म्हणायचा तेव्हा असाच पुटपुटायचा. मध्येच तो सांगायचा, हा शब्द पाचवीत गुरुजींनी फळ्यावर लिहून दिला होता, हा आजीच्या तोंडात होता, हा मी इथं आल्यापासून एकदाही ऐकला नाय. एकदा म्हणाला, "अब्बा, हितं दिवसभर हिंदी नायतर इंग्लिश. शुक्रवारी तुमच्याशी बोललो की जीभ सुटल्यासारखी वाटते." कासमनं कात्रणावर बोट टेकवलं. तो म्हणाला, "नऊ उभा. दोन अक्षरी. शेवट ळ."

हळूहळू कासमला सगळंच कोडं सुटायला लागलं. मग तो मुद्दाम दोन-तीन शब्द कोरे ठेवू लागला. बर्फाच्या लाद्या फोडणारा रावजी हरचिरीकडचा. दुपारी भाकरी खायला तो मशीनरूममध्ये यायचा. एकदा त्यानं कासमच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"कासमभाय, हा तुमास्नी येतोय की. मगाशी बोललात तोंडानं. मग भरत का नाय?"

"तो पोराचा हाय."

"पोराचा?"

"त्याच्यासाठी ठेवलाय."

रावजी हसला. पण त्याला काय कळणार? कासमनं पोराकडून घेतलेलं फार मोठं होतं, आणि ही दोन-तीन कोरी घरं ठेवून ते फिटणार नाही हे त्याला स्वतःला ठाऊक होतं.

शहाण्णवच्या पावसाळ्यात तहानं अध्यापक विद्यालयात अर्ज केला होता. यादी लागली त्या दिवशी तो सायकलनं गेला आणि तासाभरात परत आला. नाव नव्हतं. दोन दिवस जेवला नाही. त्याच आठवड्यात सकिनाच्या भावानं मस्कतहून कळवलं की व्हिसा निघतोय, पोराला तयार ठेवा. तहा पासपोर्टच्या फोटोला जाऊन बसला. मग एका सकाळी कारखान्याच्या फाटकात पोस्टमन कासमला भेटला आणि घरचं पत्र म्हणून त्याच्याच हातात देऊन गेला. लिफाफा तहाच्या नावाचा. कासमनं तो मशीनरूममध्ये फोडला. एक जागा रिकामी झाली होती आणि तहाला प्रवेश मिळाला होता. सात दिवसांत हजर राहायचं होतं.

कासम स्वतः तिशीत असताना आखातात जायला निघाला होता. मुंबईच्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघून त्याला तिथूनच परत पाठवलं होतं. व्हिसा एकदाच येतो, पुन्हा येत नाही, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मास्तरकी काय, पुढंमागं होईल. त्यानं पत्र शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. रोज वाटायचं, आज देऊ. रोज काट्यासमोर बसून तो ते काढायचा, वाचायचा, परत ठेवायचा. पाचव्या दिवशी घामानं आणि कारखान्यातल्या मिठाच्या पाण्यानं कागद भिजून अक्षरं पसरली होती. त्यानं तो जेटीवरून पाण्यात टाकला. आठव्या दिवशी व्हिसा आला.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, सकिनालासुद्धा नाही.

आता दर शुक्रवारी, शेवटचा शब्द बसला की त्याच्या मनात यायचं, आज सांगू या. पोरगा खुशीत आहे, आवाज मोकळा आहे. पण मग तहा म्हणायचा, "चला, फोनचा कार्ड संपत आला," आणि कासमला सुटल्यासारखं व्हायचं. पुढच्या शुक्रवारी, तो ठरवायचा. तोवर अजून चार शब्द जमतील. असे शब्द जमवत जमवत सात वर्षं गेली.

मध्ये तहा लग्नाला येऊन गेला. घरात सांदणं, मटण, पाहुणे. एका सकाळी कासमनं संकोचत त्याच्यापुढं पेपर ठेवला. तहा हसला. "असू दे अब्बा. फोनवर करू." समोरासमोर बसल्यावर दोघांनाही ते जमेना हे खरं होतं. आफरीन, त्याची बायको, पुढं त्याच्यासोबत गेली. तिकडेच शिफाचा जन्म झाला. कासम निवृत्त झाला, आणि पेपर आता बंदराच्या नाक्यावरच्या केरूकडून स्वतः विकत आणू लागला. शुक्रवारचा फोन चुकला नाही.

दोन हजार पाच साली, रमजानच्या आधीच्या एका शुक्रवारी तहाचा आवाज नेहमीपेक्षा चढा होता.

"अब्बा, एक गंमत सांगू? आता तुम्ही वाचून दाखवायला नको. मी घरात कॉम्प्युटर घेतला. आपला पेपर इंटरनेटवर दिसतो. अख्खा पान! कोडापन! तुमचा केरू गठ्ठा सोडतो ना, त्याच्या आधी मी हितं वाचून मोकळा."

"असा?"

"मग काय तर! घ्या, लिहून घ्या. सगळा सोडवलाय आज. एक आडवा..."

त्यानं एकेक करून सगळे शब्द सांगितले. आडवे संपवून उभे घेतले. कासमनं त्या सकाळी तीन घरं कोरी ठेवली होती, त्यातला कुठला शब्द कधी आला आणि गेला तेही त्याच्या लक्षात राहिलं नाही. पेन्सिल हातात होती, ती त्यानं कागदाला लावली नाही. पोरगा इतक्या आनंदानं सांगत होता की त्याला थांबवणं बरं दिसलं नसतं. वर्षानुवर्षं बापाचं अडायचं, ते अडणंच तो संपवून टाकत होता.

"झाला?" तहानं विचारलं.

"झाला. बेस झाला."

पुढच्या शुक्रवारी तहा म्हणाला, "सोडवलात?"

"सोडवला."

"मीपन. सोपा होता आज."

"व्हय. सोपा होता."

आता तारेवर खरखरसुद्धा नव्हती. लाइन इतकी स्वच्छ झाली होती की मस्कतच्या घरातला पंखा राजिवड्यात ऐकू यायचा.

कासमनं एक करून पाहिलं. केरूकडून एक लहानसा साप्ताहिक पेपर आणला, जो इंटरनेटवर असणं शक्य नव्हतं, आणि त्यातला एक खरोखर न सुटलेला शब्द विचारला. "पाच अक्षरी. सुरुवात अ. 'पुन्हा पुन्हा आठवण काढणे'."

"थांबा हां," तहा म्हणाला. बटणं दाबल्याचा टकटक आवाज आला. "यात शब्दकोशपन हाय. हां... अनुस्मरण. बघा बसतो का."

शब्द बसला. पण तहा पुटपुटला नव्हता.

त्यानंतर फोनवर शिफा जास्त बोलू लागली, शाळेतल्या इंग्रजी कविता म्हणून दाखवू लागली. सकिना डोळे भरून ऐकायची. कासमकडे रिसीव्हर यायचा तेव्हा दोन मिनिटं उरलेली असायची. "बरा हायस?" "हो." "जेवलास?" "हो." सात वर्षांपूर्वी होते तिथं ते परत आले होते, आणि कासमला कळलं होतं की सांगायची वेळ आपण अशीच घालवली.

पुढच्या मे महिन्यात तहा महिनाभराच्या सुट्टीवर आला. एका संध्याकाळी कासम पडवीत पेपर घेऊन बसला असताना सहा वर्षांची शिफा त्याच्या मांडीवर येऊन टेकली. चौकोनांवर बोट ठेवून म्हणाली, "दादा, ये क्या है?"

"कोडा हाय. हा शब्द वाच बघू."

शिफानं मान हलवली. तहा खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "तिला मराठी येत नाय, अब्बा. शाळेत इंग्लिश, हिंदी, अरबी. मराठी कोण शिकवणार तिथं?"

"तू शिकव."

"मी?" तहा हसला. "मी काय मास्तर हाय?"

कासमनं शिफाला मांडीवरून उतरवलं. "जा, आजीकडं जा," म्हणाला. ती आत गेली. मग पेपरची घडी घालत, तहाकडं न बघता तो म्हणाला, "झाला असतास."

"कुठला! यादीत नावच नाय लागला माझा."

"लागला होता."

"नाय हो. मी स्वतः बघून आलो होतो. दोनदा वाचली यादी."

"नंतर पत्र आला होता. एक पोरगा आला नाय, त्याची जागा तुला दिलेली. माझ्या हातात आला ता पत्र. मी तुला दिला नाय."

तहा खांबापासून सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर जे आधी आलं ते कासम पुढं कधीच विसरला नाही. तो राग नव्हता. तो चक्क आनंद होता, निकाल लागलेल्या पोराच्या तोंडावर येतो तसा.

"म्हणजे... लागला होता माझा नाव?"

"व्हय."

"खरंच?"

"व्हय रे."

"मी आफरीनला सांगितला, मित्रांना सांगितला, माझे मार्क कमी पडले. मला वाटायचा, मला जेवढी मराठी येते असा वाटतो तेवढी येत नसणार. दहा वर्षं मी—" तो थांबला. तो आनंद आता चेहऱ्यावरून उतरत होता, आणि बाकीचं ध्यानात येत होतं. "का, अब्बा?"

कासमनं सांगितलं. व्हिसाचं, मुंबईच्या डॉक्टरचं, आतल्या खिशाचं, जेटीचं. त्यानं काही लपवलं नाही आणि काही गोड केलं नाही. शेवटी म्हणाला, "चुकलो मी. दर शुक्रवारी सांगणार होतो."

"दर शुक्रवारी," तहा म्हणाला. एवढंच. मग पायात चपला सरकवून खाडीकडे निघून गेला.

तो मगरिबच्या नमाजनंतर परतला, जेवला, शिफाला झोपवायला गेला. सकिनानं आतून सगळं ऐकलं होतं. भांडी आवरून ती नवऱ्यापाशी आली आणि उभ्यानंच म्हणाली, "मला तरी सांगायचा होतात." मग दिवा मालवून आडवी झाली.

सुट्टीचे उरलेले नऊ दिवस तहा बापाशी नीट वागला. औषधं आणून दिली, कौलं बदलायला माणूस बोलावला. विचारलेल्याला उत्तर दिलं. एस. टी. स्टँडवर निघताना त्यानं कासमला मिठी मारली, पण हात पाठीवर टेकले न टेकले तोच सुटले.

नंतरच्या शुक्रवारी फोन आला. सकिना बोलली, शिफा बोलली. सकिनानं विचारलं, "अब्बांना देऊ?" मग ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. "घाईत होता," ती कासमला म्हणाली. पुढच्या शुक्रवारी त्याच्याकडं पाहुणे होते. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिनं विचारलंच नाही. कासम फोनजवळच्या खुर्चीवर बसणं सोडून मागच्या अंगणात जाऊन बसू लागला, म्हणजे तिलाही अवघडायला नको. पेपर घेणंही त्यानं बंद केलं. केरूनं एकदा विचारलं, "काय कासमभाय, डोळे आलेत काय?" "व्हय," कासम म्हणाला, "दिसत नाय नीट."

पाऊस झाला, नारळी पौर्णिमा होऊन लाँची पुन्हा पाण्यात गेल्या. भाद्रपदातल्या एका शुक्रवारी तो अंगणात काजूची वाळलेली पानं गोळा करत होता. सकिना मागच्या दारात आली.

"चला. तुम्हाला मागतोय."

हात लुंगीला पुसत तो आत गेला. रिसीव्हर बाजूला ठेवलेला होता. त्यानं तो उचलला.

"बोल."

"अब्बा," तहा म्हणाला. पंख्याचा आवाज येत होता. "त्या पत्रात काय काय होता? तुम्ही वाचला होतात ना?"

"चार दिवस वाचला."

"आठवता?"

"सगळा आठवता."

"सांगा मग. जसा होता तसा."

कासम खुर्चीवर बसला. डोळे मिटले. मशीनरूममधल्या पिवळ्या दिव्याखालचा तो कागद त्याला आजही दिसत होता. पुस्तकी मराठी तो कधी मोठ्यानं बोलला नव्हता, तरी एकेक शब्द नीट, न तोडता बोलू लागला.

"वर डाव्या बाजूला जावक क्रमांक. त्याच्यासमोर तारीख, सव्वीस जुलै. मग, प्रति, श्री. तहा कासम होडेकर, राजिवडा, रत्नागिरी. मग, विषय, प्रथम वर्ष प्रवेशाबाबत. मग खाली... उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, प्रतीक्षा यादीतील आपला क्रमांक तिसरा असून..."

"तिसरा?"

"तिसरा."

"किती जणांत?"

"ता लिहिलेला नव्हता. क्रमांक तिसरा असून, आणखी एक जागा रिक्त झाल्याने आपली प्रवेशासाठी निवड करण्यात आलेली आहे. तरी सदर पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत मूळ प्रमाणपत्रांसह समक्ष हजर राहावे. मुदतीत हजर न राहिल्यास आपणांस प्रवेश नको आहे असे समजण्यात येईल. खाली प्राचार्यांची सही. गोल शिक्का."

सकिना चहाचा कप घेऊन दारात थबकली. कासमनं हात वर करून तिला तिथंच थांबवलं.

"तहा?"

"हाय," तो म्हणाला. "जरा सावकाश सांगा, अब्बा. मी लिहून घेतोय. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून?"

"हो. तारखेपासून."

कासम खुर्चीवरून उठला. भिंतीला एक हात टेकून उभा राहिला, घसा साफ केला, आणि प्रत्येक शब्दानंतर लिहायला वेळ मिळेल एवढा थांबत सांगू लागला.